ज्याला आठवेल त्यानं पुढं म्हणावं

उन्हाळ्यात आमच्या धुळ्याच्या घरी दिवस उजाडायच्या आत बिबड्यांची, म्हणजे ज्वारीच्या पापडांची, लगबग सुरू व्हायची. चुलीवर ज्वारीचं पीठ रटरटायचं. त्यातला गरम गोळा तेल टाकून आम्हा भावंडांच्या वाटीत पडायचा. गच्चीवर खाटा, खाटांवर ओली धोतरं आणि भोवती आळीतल्या बाया. आज आमच्याकडे, उद्या समोर, परवा मागच्या घरी. मजुरी कुणी घेतली नाही. पाळी मात्र कुणी चुकवली नाही.

हात थापत असायचे आणि तोंडी गीताई, विनोबांची मराठी गीता, चालू. आजीला धड सहीही येत नव्हती, पण अध्यायच्या अध्याय पाठ. एखादीला श्लोक आठवेना की ती नुसती मान वर करायची. शेजारची तिथूनच उचलायची.

गीताई धुळ्याची, असं आजी ठासून सांगे. खरं तर विनोबांनी ती वर्ध्याला रचली, संस्कृत न कळणाऱ्या आपल्या आईच्या आठवणीनं. पण 1932 मध्ये तिची पहिली आवृत्ती निघाली तेव्हा विनोबा धुळ्याच्या तुरुंगात होते. त्याच तुरुंगात 21 फेब्रुवारी ते 19 जून, दर रविवारी एक याप्रमाणे त्यांनी गीतेवर अठरा प्रवचनं दिली. ती उतरवून घेतली साने गुरुजींनी. इथं जळगावची मावशी हटकून बोलायची, "बोलणारे तुमच्या तुरुंगातले असतील, लिहिणारे आमच्या अंमळनेरचे मास्तर!" आजी हसायची. तिच्या लेखी भांडणाला अर्थच नव्हता. दोघंही एकाच तुरुंगातलं जेवण जेवत होते ना!

परवा कॅलिफोर्नियातल्या चुलतबहिणीनं आमच्या ग्रुपवर फोटो टाकले. सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीतलं एंजल बेट. 1910 ते 1940 या काळात अमेरिकेत येणारे चिनी लोक चौकशीसाठी इथं अडकवले जात. कुणी आठवडे, कुणी महिने. 1882 च्या कायद्यानं चिनी मजुरांना दारच बंद होतं. कोंडलेल्यांनी बराकींच्या लाकडी भिंतींवर कविता कोरल्या; बहुतेकींखाली नावही नाही. 1922 मध्ये त्यांनी आपलं मंडळही काढलं. नवख्याला तिथली रीत समजावून सांगायची, कुणाचं गाऱ्हाणं वर पोचवायचं, ही त्याची कामं. 1970 मध्ये ती इमारत पाडायची होती. तेवढ्यात एका वनरक्षकाला भिंतीवरची अक्षरं दिसली.

फोटोंखाली बहिणीनं लिहिलं होतं, की 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्याच दोन कैद्यांनी त्या कविता वहीत उतरवून घेतल्या होत्या. म्हणजे विनोबा बोलत होते आणि गुरुजी लिहीत होते, त्याच सुमाराला. वाचून आम्ही सगळे गप्प झालो. मग मावसभावानं लिहिलं, "आजी म्हणाली असती, त्यास्ना बी मास्तर व्हता."

आता बिबडे बचत गटाकडून विकत येतात, चांगले असतात. मागच्या महिन्यात व्हिडिओ कॉलवर आम्ही भावंडं बाराव्या अध्यायाला बसलो. पाचव्या श्लोकाशी बहीण अडली. तिनं मान वर केली. धुळं, जळगाव, पुणं, कॅलिफोर्निया, सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो.

मग मावशीची सून, जिला आम्ही कधी म्हणताना ऐकलंच नव्हतं, स्वयंपाकघरातून पुढचा श्लोक म्हणाली.