शीन सत्तेचाळीस

तुमच्या घरात एखादी जुनी वस्तू अशी असेल, की जी अजून चालते, पण दिसायला वाईट झाली आहे. रेडिओ असेल, घड्याळ असेल किंवा मोठ्या भावाची कंपासपेटी असेल. तिच्यावर ओरखडे पडलेले असतात. उर्दूत आपण ज्याला खराश म्हणतो, तोच मराठीतला ओरखडा. हे ओरखडे कसे काढावेत, हे मी एका जुन्या व्हिडिओ गेमवर शिकलो. त्याची हकीकत तुम्हाला सांगतो.

हा गेम मोबाइलमधला नव्हे. मोबाइल येण्यापूर्वी मुले टीव्हीला एक प्लास्टिकचा संच जोडून खेळत असत. जपानच्या निन्तेंदो कंपनीने १५ जुलै १९८३ रोजी ‘फॅमिली कॉम्प्युटर’ नावाचा असा संच विक्रीस आणला. मासायुकी उएमुरा या अभियंत्याच्या देखरेखीखाली तो तयार झाला होता. हा संच आणि त्याचे परदेशी रूप मिळून जगभर सहा कोटींहून अधिक नग विकले गेले. पुढे त्याच धर्तीचे स्वस्त संच आपल्याकडेही आले आणि लहान गावांतल्या घरांतही दिसू लागले. संचाच्या वरच्या खाचेत खेळाची चौकोनी डबी बसवावी लागे. मुले तिला कॅसेट म्हणत. खेळ सुरू झाला नाही, की कॅसेट काढून तिच्यात जोरात फुंकर मारीत!

बुलडाणा जिल्ह्यातील खामगाव येथे माझ्या चाचांचे रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचे लहानसे दुकान होते. सुट्टीच्या दिवशी मी तेथे जाऊन बसत असे. गिऱ्हाइकाने व्हिडिओ गेम दुरुस्तीला आणला, की चाचा तो उलटा करीत. तळाच्या एका कोपऱ्यात कर्कटकाच्या टोकाने मालकाच्या नावाचे पहिले अक्षर आणि एक अंक कोरीत. तोच अंक ते वहीत लिहीत. “कागद फाटतो, पावती हरवते. ही खूण मात्र वस्तूबरोबरच राहते,” असे ते म्हणत.

२०१९ साली चाचांचा इंतकाल झाला. दुकान रिकामे करताना वरच्या फळीवर एक संच सापडला. त्याच्या तळाशी उर्दू ‘शीन’ हे अक्षर आणि ४७ हा अंक कोरलेला होता. दुरुस्ती पूर्ण झालेली होती, पण मालक तो न्यायला आलाच नव्हता. वही शोधली, तर तिची निम्मी पाने वाळवीने खाल्लेली. सत्तेचाळीसची नोंद त्याच पानांबरोबर गेली होती.

मी संच घरी आणून टीव्हीला जोडला. तो सुरू झाला! आवरण मात्र ओरखड्यांनी भरलेले होते. मालक कधी आलाच, तर त्याला आपली वस्तू चांगल्या रूपात मिळावी, असे मला वाटले. म्हणून मी ते आवरण स्वच्छ करण्याचे ठरवले.

अशी आवरणे बहुधा एबीएस नावाच्या प्लास्टिकची असतात. रंग त्याच्यावर लावलेला नसतो, तो प्लास्टिकमध्येच मिसळलेला असतो. म्हणून वरचा पातळ थर घासून काढला, तरी खालीही तोच रंग निघतो. ओरखडा हा एक बारीक चर असतो. त्याच्या दोन्ही काठांवर प्लास्टिक किंचित वर आलेले असते. तेथे प्रकाश सरळ परत न येता विखुरतो. त्यामुळे ओरखडा पांढरा दिसतो. तो किती खोल आहे, हे पाहायचे असेल तर त्यावरून नख फिरवा. नख अडकले नाही, तर ओरखडा वरवरचा आहे. नख अडकले, तर तो खोल आहे.

ओरखडा भरून निघत नाही. त्याच्या आजूबाजूची जागा हळूहळू घासून त्याच्या पातळीपर्यंत आणावी लागते. त्यासाठी गाड्यांना रंग देणारे कारागीर वापरतात तो पाण्यात भिजवून घासायचा पॉलिश पेपर घ्यावा. त्याच्या मागे क्रमांक छापलेला असतो. क्रमांक जितका मोठा, तितका कागद बारीक. मी आधी सगळे स्क्रू काढून आतील भाग वेगळे केले आणि आवरण साबणाच्या पाण्याने धुतले. मग ६०० क्रमांकाच्या कागदाने सुरुवात केली. त्यानंतर ८००, १०००, १५०० आणि शेवटी २००० क्रमांकाचा कागद वापरला. प्रत्येक कागद आधीच्या कागदाने पाडलेले चरे पुसतो आणि स्वतःचे अधिक बारीक चरे मागे ठेवतो. शेवटचे चरे इतके बारीक असतात, की डोळ्यांना दिसत नाहीत. शेवटी मऊ कापडाने रबिंग पॉलिश लावले, तेव्हा चमक आली.

खामगावची चांदी प्रसिद्ध आहे, हे तुम्ही ऐकले असेल. चांदीला झळाळी आणणारा कारागीरही असाच जाड घासणीकडून बारीक घासणीकडे जातो. मधली पायरी गाळली, तर जाडे चरे तसेच राहतात आणि चमक आल्यावर उलट जास्त दिसतात. ज्याला उर्दूत सब्र म्हणतात, त्याला मराठीत धीर म्हणतात. या कामात पॉलिश पेपरइतकीच धीराचीही गरज असते.

काही गोष्टी मात्र लक्षात ठेवा. थिनर किंवा नखांचा रंग काढण्याचे द्रव कधीही लावू नका, त्याने हे प्लास्टिक विरघळते. घाईने कोरडे घासू नका. घर्षणाच्या उष्णतेने प्लास्टिक मऊ पडते आणि त्याची धूळही नाकात जाते. छापील अक्षरांवरून कागद फिरवू नका, ती पुसली जातील. जेथे आवरण मुद्दाम खरखरीत बनवलेले असते, तेथेही घासू नका. तो खरखरीतपणा एकदा गेला, की हाताने परत आणता येत नाही.

माझे काम होत आले, तेव्हा एका ओळखीच्या गृहस्थांनी तो संच पाहिला. हौशी लोक आता असे जुने संच विकत घेतात. ते म्हणाले, “तळाचे ते अक्षरही घासून टाका. मी चांगली किंमत देतो.” त्या वेळी मला पैशांची गरज नव्हती असे नाही. कागदही समोरच भिजत पडला होता. पण मी विचार केला, की बाकीचे ओरखडे घसटीने आणि धक्क्यांनी पडले, हा मात्र हेतूने कोरलेला आहे. हा संच चाचांकडे अमानत म्हणून होता आणि वही गेल्यावर त्या अमानतीचा एवढाच पुरावा उरला होता. तो मी पुसला असता, तर दुसऱ्याची वस्तू दिसायला माझी झाली असती. मी त्यांना नम्रपणे नकार दिला.

तो संच आजही माझ्या कपाटात आहे. अजून कोणी तो मागायला आलेले नाही. वरून तो गुळगुळीत दिसतो आणि तळाशी शीन व सत्तेचाळीस स्पष्ट वाचता येतात.

मित्रांनो, तुम्हीही एखादी जुनी वस्तू नीट करायला घ्याल, तेव्हा कागद भिजवण्यापूर्वी ती उलटी करून पाहा. तेथे कोणाचे नाव, तारीख किंवा खूण आढळली, तर आधी घरातल्या मोठ्यांना तिच्याविषयी विचारा. मगच कामाला लागा.