कुंडीतली शेवंती

मराठी घरात शेवंती फूल म्हणून लवकर येते आणि झाड म्हणून फार उशिरा. लहानपणी ती आजीच्या वेणीत दिसते, दसऱ्याच्या तोरणात झेंडूच्या शेजारी दिसते, मार्गशीर्षातल्या गुरुवारी कलशापुढे दिसते. दोऱ्यात ओवलेले, देठ खुडलेले, पानाच्या पुडीतून आलेले असे ते फूल. पुण्याच्या मार्केट यार्डात आणि दादरच्या फुलबाजारात ते किलोवर विकले जाते, आणि किलोवर मिळणाऱ्या फुलाचे झाड कसे असते हे विचारायची वेळ सहसा कोणावर येत नाही. झिप्री, राजा, बग्गी, पांढरी रेवडी, पिवळी रेवडी ही नावे शेतकऱ्याला आणि आडत्याला ठाऊक. घरी आल्यावर त्या सगळ्यांची मिळून एकच शेवंती होते.

झाडाशी ओळख होते ती बहुधा संसार थाटल्यावर, बाल्कनीत चार कुंड्या ठेवाव्यात असे वाटू लागते तेव्हा. दिवाळीच्या मागेपुढे नर्सरीत शेवंतीच्या कुंड्यांच्या रांगा लागतात. गोल, ठेंगण्या, पाने झाकून जातील इतक्या फुललेल्या. अशी एक कुंडी घरी येते, तीन-चार आठवडे पिवळीजर्द राहते, नवे वर्ष उजाडता उजाडता तपकिरी पडते आणि झाड उपटून मातीत दुसरे काही लावले जाते. शेवंती बहुवर्षायू आहे, जमिनीखाली ती जिवंत असते, हे ठाऊक नसल्यामुळे दर हिवाळ्यात कितीतरी चांगली झाडे कचऱ्यात जातात. ज्यांनी उपटले नाही त्यांची पुढच्या वर्षी वेगळीच फसगत होते: तेच झाड कमरेइतके उंच, किडकिडीत वाढते. नर्सरीतल्या कुंडीत बहुतेकदा एक नव्हे, चार-पाच रोपे एकत्र लावलेली असतात आणि त्यांची उंची वाढरोधक औषध देऊन आवरलेली असते. औषधाचा अंमल ओसरला की झाड आपल्या मूळच्या उंचीवर येते. त्यात झाडाचा दोष नाही आणि नर्सरीवाल्याची लबाडीही नाही. गिऱ्हाइकाला गोल कुंडी हवी असते.

शेवंती स्वतः वाढवायची तर वर्ष जानेवारीत सुरू होते. फुले सरली की दांडे जमिनीपासून चार-सहा बोटे ठेवून छाटतात. काही आठवड्यांत बुंध्याभोवती मातीतून कोवळे फुटवे वर येतात. शेतकरी त्यांना काश्या म्हणतात. मुळासकट निघालेली काशी म्हणजे तयार रोपच. कडेच्या ठसठशीत काश्या घ्यायच्या आणि मधला जून गड्डा टाकायचा, कारण रोग आणि कीड त्यातच दडून असते. उन्हाळाभर ही रोपे लहान कुंडीत, दुपारच्या उन्हाआड नुसती जगवायची असतात. प्रदर्शनासाठी वाढवणारे त्यांच्यापासून जून-जुलैत शेंड्याची कलमे करतात. तीन-चार इंचांचा शेंडा, खालची पाने काढून, ओल्या वाळूत खोचला की दोन-तीन आठवड्यांत मुळे धरतो. काशीपेक्षा कलमाचे झाड नीटस वाढते आणि सगळ्या कुंड्या एका वयाच्या मिळतात.

महाराष्ट्रातल्या शेवंतीचा खरा शत्रू पावसाळा. मुळांशी दोन दिवस पाणी साचले तरी पाने खालून पिवळी पडत जातात, आणि मूळकूज एकदा लागली की औषधाने फारसे साधत नाही. म्हणून पोयट्याच्या मातीत चाळलेले शेणखत, पालापाचोळ्याचे खत आणि पुरेशी वाळू घालून माती भुसभुशीत ठेवतात. कुंडीच्या तळाशी खापऱ्या घालतात आणि कुंडी विटांवर चढवतात. कोकणात एवढ्यानेही भागत नाही, वर छप्पर लागते. रोप चार इंची कुंडीतून सहा इंचीत आणि तिथून दहा इंचीत अशा पायऱ्यांनी हलवले जाते. लहान रोप थेट मोठ्या कुंडीत बसवण्याचा आळस पावसात महागात पडतो, कारण मुळे पोचली नाहीत तेवढी माती नुसती ओली राहते.

याच दिवसांत शेंडे खुडायचे असतात, आणि इथे नवख्याचा हात अडतो. जोमाने वाढणाऱ्या झाडाचा शेंडा मोडायला जीव होत नाही. पण खुडल्याशिवाय बगलेतल्या फांद्या फुटत नाहीत. रोप वीतभर झाले की पहिली खुडणी, तीन-चार आठवड्यांनी दुसरी, आणि ऑगस्ट संपता संपता हात आवरायचा. त्यानंतरही खुडत राहिले तर फांद्यांना लांबी मिळण्याआधीच कळ्या धरतात. ज्यांना पसाभर आकाराचे एकच फूल हवे ते उलट वाटेने जातात. ते फुटवे काढत जाऊन एकच दांडा ठेवतात आणि बांबूच्या काडीला सुतळीने बांधून सरळ चढवतात. पुढे कळ्या दिसल्या की टोकाची एक ठेवून बाकीच्या मोहरीएवढ्या असतानाच काढतात. या कामाला नखे आणि चष्मा दोन्ही लागतात.

कळी केव्हा धरायची हे शेवंती अंधारावरून ठरवते. दिवसाच्या लांबीवर फुलणे अवलंबून असते हे अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या गार्नर आणि अ‍ॅलार्ड यांनी १९२० मध्ये तंबाखू आणि सोयाबीनवरच्या प्रयोगांतून मांडले. शेवंती त्याच लघुदिवसी गटातली. दिवस सुमारे साडेतेरा तासांच्या खाली आला की बहुतेक जाती कळी धरायला लागतात आणि ती नीट वाढायला दिवस आणखी लहान लागतो. पुण्यात जूनचा सर्वांत मोठा दिवसच सव्वातेरा तासांच्या आसपास आणि डिसेंबरचा सर्वांत लहान अकरा तासांचा. त्यामुळे आपल्याकडे ही सीमा पुसट आहे आणि काही जाती भर उन्हाळ्यात अवेळी कळी दाखवतात. ती लगेच काढावी. चंदीगडला जूनचा दिवस चौदा तासांवर जातो, तिथे ऋतू जास्त रेखीव होतो. सेक्टर ३३ मधल्या टेरेस्ड गार्डनमध्ये डिसेंबरात भरणाऱ्या शेवंती प्रदर्शनाला हे भूगोलाचे पाठबळ आहे.

याच कारणाने शहरातल्या एखाद्या बाल्कनीत सगळे काही यथासांग करूनही शेवंती फुलत नाही. समोर रस्त्यावरचा दिवा असतो आणि झाडाला रात्र मिळतच नाही. हरितगृहातले उत्पादक हाच गुण उलटा वापरतात. फुले लांबवायची असतील तर मध्यरात्री काही वेळ दिवे लावतात, लवकर हवी असतील तर संध्याकाळपासून काळे कापड ओढतात. घरच्या माणसाने कुंडी दिव्याच्या आडोशाला सरकवली की पुरे. दिवाळीच्या आकाशकंदिलाची धास्ती नको, तोवर कळ्या पक्क्या झालेल्या असतात. त्या वेळी भीती असते ती माव्याची. थंडी पडू लागली की कळ्यांच्या देठांवर काळे थर बसतात आणि पाकळ्यांत एकदा शिरले की निघत नाहीत. कळीने रंग दाखवायच्या आतच निंबोळी अर्काची फवारणी करावी. रंग दिसू लागला की खतही थांबवावे.

रंग हा या सगळ्या उठाठेवीचा मोबदला. महाराष्ट्रात शरदात झाडांची पाने रंग बदलत नाहीत. इथे आश्विनापासून मार्गशीर्षापर्यंतचा रंग झेंडू आणि शेवंतीच पुरवतात. पिवळा कॅरोटिनॉइडांचा, गुलाबी आणि लाल अँथोसायनिनांचा, आणि दोन्ही एका पाकळीत आले की तो तांबूस-कांस्य रंग, जो शेवंतीइतका खुलून फार थोड्या फुलांत दिसतो. गुलाबी आणि लाल रंगांना रात्रीची थंडी मानवते. तीच जात मुंबईच्या दमट उबेत फिकी आणि नाशिकच्या थंडीत गडद फुलते. निळा मात्र शेवंतीत नाहीच. जपानी संशोधकांनी २०१७ मध्ये निळी शेवंती जाहीर केली तेव्हा त्यांना कँटरबरी बेल आणि गोकर्ण या दोन झाडांतले जनुक उसने घ्यावे लागले. कुंपणावरच्या गोकर्णाचे हे कर्तृत्व आपल्याकडे फारसे कोणाच्या कानी गेलेले नाही.

मांडणीच्या कलेत जपानचा हात धरणारे कोणी नाही. झाड मूळ चीनचे. तिथे चौथ्या-पाचव्या शतकातल्या ताओ युआनमिंग या कवीचे नाव शेवंतीशी कायमचे जोडले गेले आहे. जपानने ते राजचिन्ह केले. सोळा पाकळ्यांची शेवंती १८६९ पासून अधिकृतपणे सम्राटाची मुद्रा आहे. टोकियोच्या शिन्जुकू ग्योएन उद्यानात नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात भरणाऱ्या प्रदर्शनात एकाच बुंध्यावर शेकडो फुले घुमटाच्या आकारात, एकमेकांपासून मोजून ठेवल्यासारखी फुलवलेली दिसतात. कड्यावरून ओघळणारी शेवंती हा आणखी एक प्रकार. थक्क करणारे काम आहे खरे, पण त्यात झाडापेक्षा तारांचा सांगाडा मोठा वाटू लागतो, अशी शंका पाहणाऱ्याला यावी.

घरच्या मांडणीला एवढे सायास नकोत. कुंड्या पायऱ्यांवर, उंच मागे आणि ठेंगण्या पुढे. गडद लाल रंग सावलीत बुडतो, म्हणून तो उजेडाकडे, आणि पांढरी कोपऱ्यात चालते. पाणी मातीला द्यावे, फुलावर पडू देऊ नये. सकाळचे ऊन आणि नंतर सावली मिळाली तर फुले सर्वांत जास्त टिकतात. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमधले पुष्पप्रदर्शन प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास असते. तोवर लवकर फुलणाऱ्या जाती सरलेल्या असतात, म्हणून तिथे कुंडी न्यायची असेल तर जात निवडतानाच उशिराची घ्यावी लागते.

जानेवारी ते जानेवारी असे वर्षभर झाडामागे राहायला घरी असणारा माणूस लागतो. त्यामुळे या छंदात निवृत्तांची गर्दी दिसते, आणि पुढे त्यांच्या वयाबरोबर कुंड्याही बदलतात. दहा इंची ओली कुंडी उचलणे, वाकून कळ्या काढणे सत्तरीनंतर जड जाते. अशांसाठी लखनऊच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेने तयार केलेल्या लहान फुलांच्या जाती सोयीच्या आहेत. त्यांना खुडणी लागत नाही, टेकू लागत नाही, झाड आपोआप पसरून गोल होते. सहा-आठ इंची कुंडी त्यांना पुरते आणि ती कठड्यावरही बसते. काश्या मात्र याही जातींच्या दर वर्षी वेगळ्या करून नव्या मातीत लावाव्या लागतात.