साचा कुणाच्या नावावर

1. दिवा–रोहा गाडी, पेण यायचंय. समोरच्या मुलाच्या फोनवर ‘रिअल क्रिकेट’. बॅटरी लाल झालीय, तरी शेवटची ओव्हर सुटत नाही. हा गेम नॉटिलस मोबाइलचा. मार्च 2025 मध्ये दक्षिण कोरियाच्या क्राफ्टनने 118 कोटी रुपयांत कंपनीचा ताबा मिळेल एवढा हिस्सा घेतला.

2. क्राफ्टनमध्ये चीनच्या टेन्सेंटचा हिस्सा आहे.

3. पेणच्या कारखान्यात कच्च्या मूर्ती भिंतीपर्यंत लागलेल्या. कारागिराने रबरी साचा उलटा करून दाखवला: सोंडेचं वळण, बोटांची पेरं, सगळं आतल्या बाजूला. मूर्ती विकली की गेली. साचा घरात असला की पुढचा हंगाम आपला. गेमच्या धंद्यात साचा म्हणजे कोड, पात्रं आणि नाव. पैसे घेताना तो कुणाच्या नावावर जातो, हे मला टक्क्यांपेक्षा महत्त्वाचं वाटतं.

4. पेणच्या गणपतीला भौगोलिक मानांकन आहे. नाव पेणचंच राहील.

5. मुंबईची इंडियागेम्स, विशाल गोंडल यांनी 1999 मध्ये काढलेली. 2005 मध्ये चीनच्या टॉम ऑनलाइनने बहुसंख्य हिस्सा घेतला. मग यूटीव्ही आली, मग डिस्ने. पुढे डिस्नेने भारतातला गेमचा व्यवसायच आवरला.

6. पुण्याच्या नॉडिंग हेड्सचा ‘राजी’. 2017 मध्ये किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या साइटवर पुरेसे पैसे जमले नाहीत. गेम आला 2020 मध्ये. मधली वर्षं पगार कसे निघाले असतील? परदेशी पैशाला सरसकट नावं ठेवणाऱ्यांनी याचाही विचार करावा.

7. स्वीडनच्या एम्ब्रेसरने जगभर स्टुडिओ विकत घेतले. 2023 मध्ये सुमारे 2 अब्ज डॉलरचा एक करार फिसकटला आणि त्याच वर्षी त्यांचा अमेरिकेतला तीस वर्षांचा व्होलिशन स्टुडिओ बंद झाला.

8. रोहा, धाटाव एमआयडीसी. इथे कारखाना असलेल्या पुण्याच्या सुदर्शन केमिकलने 2025 मध्ये जर्मनीच्या ह्यूबाखचा रंगद्रव्यांचा व्यवसाय घेतला. मुंबईच्या नझाराने 2024 मध्ये ब्रिटनचा फ्यूजबॉक्स हा गेम स्टुडिओ घेतला. आपणही घेणारे होऊ शकतो.

9. परदेशी गुंतवणूकदाराला नवे शेअर दिले की 30 दिवसांत रिझर्व्ह बँकेला कळवावं लागतं. पण साचा कुणाकडे राहतो, हे आपणच बघायचं.

10. रायगडातली पोरं आता गेम बनवायला शिकताहेत. त्यांना एकच विनंती: पैसे जरूर घ्या, पण सही करण्याआधी हक्कांचं कलम वकिलाकडून वाचून घ्या. स्टुडिओ बंद पडला तर गेम कुणाकडे जाईल, हे त्यात लिहिलेलं असलं पाहिजे.