नऊशे रुपयांचा प्लेअर

परवा शनिवारी बायकोच्या आग्रहाखातर (म्हणजे धाकाखातर) वायरींचा ड्रॉवर आवरायला काढला. प्रत्येक सॉफ्टवेअरवाल्याच्या घरी असा एक ड्रॉवर असतोच. नोकियाचे बारीक पिनचे चार्जर, कुठल्यातरी कॉन्फरन्समध्ये मिळालेले पेन ड्राइव्ह, कशाची ते आठवत नाही अशी केबल. त्यात दोन म्युझिक प्लेअर सापडले. एक पांढरा आयपॉड नॅनो, 2 जीबीचा. दुसरा निळा, काडेपेटीहून जरासा मोठा, 256 एमबीचा. कंपनीचं नाव कुठेच नाही, नुसतं 'एमपी3 प्लेअर' छापलेलं. पहिला 9000चा, दुसरा 900चा. आता दोन्ही बंद. पण आमच्या घरातली सगळ्यात मौल्यवान 31 मिनिटं या नऊशेवाल्यात होती, आणि त्याच्याच पायी तेरा वर्षं अडकून पडली होती. त्याची ही गोष्ट.

आमचं गाव तुळजापूरपासून दहा-बारा किलोमीटरवर. माझ्या काकांचं तुळजापुरात, देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर कॅसेटचं छोटं दुकान होतं. भवानीच्या आरत्या, गोंधळ, जागरणाची गाणी, सीमेपलीकडून येणाऱ्या भाविकांसाठी थोड्या कानडी कॅसेट. नवरात्रात आणि कोजागिरीला पाय ठेवायला जागा नसायची. सुट्टीत मी गल्ल्याशेजारी बसायचो. टी-सिरीजने ऐंशीच्या दशकात स्वस्त कॅसेट काढल्या, त्या पानटपरीपासून किराणा दुकानापर्यंत सगळीकडे ठेवल्या आणि एचएमव्हीसारख्या जुन्या कंपनीला घाम फोडला, हे मी पुढे पुस्तकात वाचलं. काकांनी ते एका वाक्यात सांगितलं होतं, "आरं, भाव मालक ठरवत न्हाई, शेजारचं दुकान ठरवतंय." एमबीए न करता मिळालेलं माझं हे पहिलं अर्थशास्त्र.

मग एमपी3 सीडी आल्या. एका सीडीत दीडशे गाणी. कॅसेटचं कपाट बघता बघता रिकामं झालं आणि 2006च्या सुमारास काकांनी काउंटरवर चिनी प्लेअर मांडायला सुरुवात केली.

इकडे मी पुण्यात नवा नवा नोकरीला लागलो होतो. टीममधल्या तिघांकडे आयपॉड होता, चौथा मी व्हायचं ठरवलं. ऑनसाइटहून परत येणाऱ्या एका मित्राला सांगून जून 2006मध्ये नॅनो मागवला. 199 डॉलर, तेव्हाच्या 45 रुपयांच्या हिशेबाने साधारण 9000. सप्टेंबरमध्ये ॲपलने नवा नॅनो काढला आणि तेवढ्याच 2 जीबीची किंमत 149 डॉलर केली. तीन महिन्यांत 50 डॉलर पाण्यात! तेव्हा फार चिडलो होतो. नंतर शांत डोक्याने बघितलं तेव्हा त्यामागचा हिशेब कळला.

पहिला आयपॉड ऑक्टोबर 2001मध्ये आला तो 5 जीबीचा, 399 डॉलरला. त्याच्या आधीही प्लेअर होतेच. 1998 सालच्या रिओ पीएमपी300मध्ये 32 एमबी मेमरी होती, म्हणजे आठ-दहा गाणी, किंमत 200 डॉलर. पण ॲपलने नंतर जे केलं ते जिन्यासारखं होतं. फेब्रुवारी 2006ची किंमतपट्टी बघा: शफल 69 आणि 99 डॉलर, नॅनो 149, 199 आणि 249, मोठा आयपॉड 299 आणि 399. एकही पायरी रिकामी नाही. प्रतिस्पर्ध्याने कुठल्याही किमतीला माल आणला तरी तिथे एक आयपॉड आधीच बसलेला. त्यात नोव्हेंबर 2005मध्ये ॲपलने सॅमसंग, हायनिक्स, तोशिबा, इंटेल आणि मायक्रॉन यांच्याशी 2010पर्यंत फ्लॅश मेमरी पुरवण्याचे करार केले आणि 1.25 अब्ज डॉलर आगाऊ मोजले. प्लेअरमधला सगळ्यात महाग भाग म्हणजे ही मेमरी. म्हणजे आपल्याकडे आडते पीक शेतात उभं असतानाच उचल देऊन माल बांधून घेतात ना, तसंच. क्रिएटिव्हचे प्लेअर चांगले होते. मेनूच्या पेटंटवरून झालेल्या भांडणात ॲपलने ऑगस्ट 2006मध्ये त्यांना 10 कोटी डॉलर देऊन तडजोड केली. पण बाजार काही त्यांना परत मिळाला नाही. मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर 2006मध्ये 30 जीबीचा झून आयपॉडच्याच भावात आणला आणि 2011मध्ये गुंडाळला.

हे सगळं वरच्या मजल्यावर चाललेलं. तुळजापूरच्या रस्त्यावर यातलं काहीच नव्हतं. आयट्यून्सचं दुकान भारतात उघडलं तेच डिसेंबर 2012मध्ये. 99 सेंटला गाणं आणि त्याच्या जोरावर प्लेअर विकायचा हा ॲपलचा खेळ आपल्याकडे अर्धाच पोचला होता. प्लेअर आला, गाणी कुठून आणायची ते तुमचं तुम्ही बघा.

दिवाळीला नॅनो घेऊन ऐटीत गावी गेलो. गावात तेव्हा दिवसातले बारा-बारा तास लोडशेडिंग. नॅनो चार्ज करायला कॉम्प्युटर पाहिजे, कॉम्प्युटरला लाईट पाहिजे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माझे नऊ हजार रुपये थंड पडले. काकांनी हसत काउंटरवरचा निळा प्लेअर माझ्या हातात दिला. बाराशे सांगायचे, नऊशेला द्यायचे, मला खरेदीच्या भावात द्यायला निघाले होते, मी हट्टाने नऊशे दिले. त्यात एक पेन्सिल सेल घालायचा, तो गावातल्या किराणा दुकानात मिळायचा. शिवाय एफएम होतं (नॅनोला एफएम मिळायला 2009 उजाडावं लागलं) आणि वरच्या बाजूला एक बारीक भोक. ते माईक होतं. रेकॉर्डिंग!

आज्जी तेव्हा 78 वर्षांची. गावात गिरणी येऊन जमाना झाला होता, तरी सणाच्या आधी थोडं तरी दळण ती जात्यावर काढायचीच. आणि जातं सुरू झालं की ओवी यायचीच. तिच्या आईच्या, तिच्या सासूच्या, काही तिच्या स्वतःच्या. 2007च्या संक्रांतीला मी पहाटे उठून तो निळा प्लेअर जात्याशेजारी ठेवला.

"काय हाय रं ते?"

"आज्जे, तुझी ओवी यात भरून ठेवतोय."

"येवड्याशा डबीत? किती मावतील?"

प्रश्न अगदी बरोबर होता. मेनूत रेकॉर्डिंगचे दोन प्रकार होते, एक चांगल्या आवाजाचा, दुसरा जास्त वेळाचा. 256 एमबीत आधीच गाणी भरलेली. मी जास्त वेळाचा प्रकार निवडला. आज्जीने 31 मिनिटं गायलं. मधे दोनदा थांबून पीठ सावरलं, एकदा मला म्हणाली, "आता चहा टाक जा." ते पण त्यात आलं.

पुण्यात येऊन फाईल कॉम्प्युटरवर टाकली. उघडेचना. एक्स्टेंशन डॉट एसीटी. दोन एमबीसुद्धा नव्हती. ती नेहमीच्या फॉरमॅटमध्ये करायचं सॉफ्टवेअर प्लेअरबरोबरच्या छोट्या सीडीत होतं आणि ती सीडी मी खोक्यासकट टाकून दिली होती. तोपर्यंत प्लेअरवर तरी ऐकू येत होतं. म्हटलं, करू निवांत. त्या वर्षीच्या पावसाळ्यात प्लेअर बंद पडला. 2009च्या थंडीत आज्जी गेली.

त्यानंतर ती फाईल या हार्ड डिस्कवरून त्या हार्ड डिस्कवर फिरत राहिली. मी दर दोन-तीन वर्षांनी डबल क्लिक करायचो आणि बंद करायचो. आत्याला हे कधी सांगायचं धाडस झालं नाही. ती एकदोनदा म्हणाली होती, "तू आईचं भरून घेतलं होतंस ना रे?" मी म्हणायचो, हो, आहे माझ्याकडे. खोटं नव्हतं ते. पण खरंही नव्हतं.

2020च्या लॉकडाऊनमध्ये एका रात्री सहज एफएफएमपेग या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरला ती फाईल दिली. एका ओळीची कमांड. कुणीतरी कधीतरी, पैसे मिळणार नाहीत हे माहीत असून, या विसरलेल्या फॉरमॅटसाठी कोड लिहून ठेवला होता. आतला आवाज जी.729 नावाच्या पद्धतीने दाबलेला निघाला. ती बनवलेली टेलिफोनवरच्या बोलण्यासाठी, सेकंदाला जेमतेम एक केबी. त्यामुळे जात्याची घरघर खरखरीसारखी येते आणि वरच्या सुरात आज्जीचा आवाज फाटतो. पण आज्जीच आहे. "आता चहा टाक जा" तर अगदी स्पष्ट. रात्री दोन वाजता मी खरंच उठून चहा टाकला.

तेव्हापासून मी या दोन प्लेअरचा हिशेब वेगळा मांडतो. नऊशेवाल्याने लोडशेडिंग ओळखलं, सेल ओळखला, माईक दिला, आणि जिथे गिऱ्हाईक बघत नाही तिथे, म्हणजे फॉरमॅटमध्ये, काटकसर केली. नऊ हजारवाल्याने फॉरमॅट, आवाज, दिसणं सगळं नीट केलं, पण आज्जीचा आवाज घ्यायला त्यात माईकच नव्हता. स्पर्धेने किंमत खाली येते हे खरं. पण ती कुठून कापून खाली आली ते पावतीवर लिहिलेलं नसतं. आणि माझा दोष मी कंपनीच्या माथी कशाला मारू? चांगल्या आवाजाचा पर्याय मेनूत होता. चार गाणी उडवून जागा करायची होती, एवढंच. मी गाणी ठेवली. ती गाणी आज फोनवर कुठेही मिळतात.

बाकी दोन्ही मजल्यांवर पुढे एकच झालं. काकांच्या दुकानात मेमरी कार्डात गाणी भरून देणं सुरू झालं, मग तेही थांबलं. आता तिथे पूजेचं सामान मिळतं. ॲपलने मे 2022मध्ये शेवटचा आयपॉड बंद केला. दोघांनाही मोबाईलनेच खाल्लं.

तुमच्याकडेही असा ड्रॉवर असेल, तर या वीकएंडला जुने प्लेअर, जुने फोन, मेमरी कार्डं काढून बघा. जे उघडत नाही ते आत्ताच उघडायचा प्रयत्न करा, सरळ एमपी3 करा आणि तीन जणांना पाठवून ठेवा.

मी आत्याला पाठवलं. तिने ऐकून फोन केला. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "दोन ओव्या चुकलीय रे आई. थांब, मी सांगते तुला."

या वेळी फोनवर चांगल्या आवाजाचा पर्याय निवडला आहे :)