वल्ला हात लावू नको

नवतपा लागला की वऱ्हाडातल्या रिद्धपुरात कोणाच्याही अंगणात पाय ठेवायला जागा राहत नसे. मे महिन्याचे शेवटचे दिवस, पारा 45 च्या आसपास, माणसं ओसरीत सावली धरून बसलेली आणि वर्षाचं खाणं मात्र सगळं उन्हात. बाजेवर गहू. जुन्या लुगड्यावर तुरीची डाळ. धाब्यावर धापोडे. सुपात मिरच्या, टोपल्यात चिंच, परातीत हळकुंडं. 7 जूनच्या सुमाराला मृग लागायचा. त्याच्या आत हे सगळं वाळून, निवून, भरून, तोंडं बांधून घरात गेलं पाहिजे, ही घरोघरच्या मोठमायची घाई. त्या घाईत दिवसभर कानावर पडणारं वाक्य एकच, ‘‘वल्ला हात लावू नको व माय!’’

आपल्या पिढीत हे वाक्य न ऐकता वाढलेलं कोणी असेल असं वाटत नाही. मिठाच्या मडक्याशी गेलो, वल्ला हात लावू नको. तिखटाची बरणी उघडली, वल्ला हात लावू नको. पिठाच्या डब्यात वाटी घातली, गुळाच्या भेलीला नख लावलं, लोणच्यात पळी बुडवली, वल्ला हात लावू नको. विहिरीवरून आलेली सून असो की मोटेच्या पाण्यात खेळून आलेलं पोट्टं, आधी हात पुसायचे, मग झाकणाला हात. धान्यातला ओलावा 10-12 टक्क्यांच्या वर गेला की कीड आणि बुरशी दोन्ही धरतात, असं आता शास्त्रवाले सांगतात. मोठमाय गव्हाचा दाणा दाताखाली धरायची. कट्कन वाजला तर भरा. दबला तर आणखी एक ऊन. उनं मोजली जात, तास नाही. मिरचीला तीन उनं, गव्हाला दोन, तेल लावलेल्या डाळीला एक. आणि उन्हातून उचललेलं धान्य तसंच गरम कोठीत ओतायचं नाही. रात्रभर घरात पसरून निवू द्यायचं, नाहीतर झाकणाखाली त्याला घाम सुटतो आणि वरचा थर आधी बुरसतो.

तुरीच्या डाळीबद्दल मात्र जरा सावकाश सांगितलं पाहिजे, कारण वऱ्हाडात जेवण म्हणजे वरण, आणि वरण बिघडलं की दिवस बिघडला. माघात तूर निघाली की ती भिजवायची, वाळवायची, जात्यावर भरडायची, पाखडायची. चुरी वेगळी, टरफलं ढोरांना. मग मोठमाय परातीत डाळ घेऊन बसायची. शेजारी वाटीत एरंडेल. तळहातावर थोडंसं तेल घ्यायचं, दोन्ही हात एकमेकांवर फिरवायचे आणि डाळीत घालायचे. खालची वर, वरची खाली, बोटांच्या फटीतून डाळ गळू द्यायची. दाण्यादाण्यावर मंद तकाकी आली पाहिजे, पण परातीच्या तळाला तेल दिसता कामा नये. तळाला तेल दिसलं की ती काही न बोलता आणखी दोन ओंजळी डाळ त्यात टाकायची. त्या दिवशी तिच्या हातांना येणारा एरंडेलाचा उग्र वास रात्री पांघरुणातही यायचा. आम्ही नाकं मुरडायचो आणि वर्षभर त्याच डाळीचं वरण मागून मागून खायचो. रांधायच्या आधी डाळ गरम पाण्याने धुतली की वास जायचा.

यात तिचा हिशेब पक्का होता. भुंग्याची मादी अख्ख्या दाण्याच्या सालीवर अंडी चिकटवते. डाळ केली की ती साल गेली, आणि वर तेलाचा हात फिरलेला असला की उरलीसुरली अंडीही उबत नाहीत. म्हणून अख्खी तूर लागेल तेवढीच आणि बियाण्यापुरती, बाकी सगळ्याची डाळ.

ज्वारी कणगीत. कणगी तुराट्यांची विणलेली, आतून-बाहेरून शेणामातीनं लिंपलेली. ज्या शेतातून दाणा आला त्याच शेतातल्या तुराट्यांत तो राहायचा. तळाशी निंबाचा पाला, तोही सावलीत वाळवलेला, कारण ओला पाला टाकला तर तोच ओल धरतो. मधे मधे पुन्हा पाला, कुठे चुलीची चाळलेली राख, कुठे चार बिब्बे. तोंड लिंपून बंद. खाली एक भोक, त्यात चिंध्यांचा बोळा. बोळा काढला की ज्वारी पायलीत पडायची. वरून भरायचं, खालून काढायचं, म्हणजे जुनं आधी संपलं. ज्यांच्याकडे माल जास्त त्यांची पेवं असत, गावच्या पांढरीत खोदलेली. शेतातल्या काळ्या मातीत पेव टिकत नाही. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. पेव उघडलं की लगेच कोणी आत उतरत नसे. आधी दोरीनं दिवा सोडायचा. दिवा विझला तर आतली हवा जीवघेणी, तोंड उघडं ठेवून थांबायचं. ही खबरदारी घेतली नाही म्हणून माणसं गेली आहेत, आणि गावागावात म्हातारे ते खालच्या आवाजात सांगत.

घरात वर पाहिलं तरी साठवणच दिसे. चुलीच्या वर धुरात टांगलेली बियाण्याची कणसं. लसणाच्या जुड्या. वाळलेला दोडका, ज्याच्या पोटातच पुढच्या वर्षीचं बी. भोपळ्याच्या तुंब्यात राखेत कालवलेल्या बिया. शिंक्यावर दूध, आणि शिंक्याखाली आशेनं बसलेलं मांजर. कोपऱ्यात मडक्यांची उतरंड. सगळ्यात वरच्या मडक्यात काय आहे ते फक्त मोठमायला ठाऊक, आणि ते बहुतेक वेळा फुटाणे-गूळच असायचं हे आम्हाला ठाऊक. जाळीच्या कपाटाचे चारी पाय पाण्याच्या वाट्यांत, मुंग्यांसाठी. लोणच्याच्या बरणीला दादरा, मिरचीच्या तिखटात हिंगाचा खडा, चिंच कुटून, चिंचोके काढून, मीठ लावून गोळे. कांदे फळीवर वाऱ्याला, आणि कांद्याच्या शेजारी बटाटा ठेवला की बोलणी खायची.

सरगुंडे, शेवया, कुरडया, मूगवड्या यांची नावं घेतली तरी पुरे, पुढचं तुम्हीच सांगाल. कुरडयांच्या दिवशी चीक खायला सगळी गल्ली जमायची. धापोड्यांवरचे कावळे हाकायला हातात काठी देऊन आम्हाला बसवलेलं असायचं, आणि कावळ्यांपेक्षा आमच्याच हातून जास्त धापोडे जायचे. अर्धवट वाळलेल्या धापोड्याची ती चिवट चव कुठल्या दुकानात मिळत नाही.

एवढी साठवण एकट्या घरच्या माणसांसाठी नव्हती. रिद्धपूर ही महानुभावांची काशी. दारात ‘‘दंडवत’’ ऐकू आलं की वेळ कोणती, घरात भाजी आहे का, हे विचारायचं नसे. आषाढात शेतात भाजी नाही, बाजार लांब, आणि दूरवरून आलेले यात्रेकरू. मग पौषात खुडून वाळवलेली हरभऱ्याची भाजी मडक्यातून निघायची. ओंजळभर चुरा पाण्यात पडला की पातेलंभर व्हायचा. ज्वारीची भाकर, लसणाची फोडणी, झालं. लीळाचरित्र लिहिणाऱ्या म्हाइंभटांनीच गोविंदप्रभूंचं चरित्र लिहिलं. त्यात प्रभू याच गावातल्या कोणाच्याही घरी सहज जातात, मनाला येईल ते खातात. 13 व्या शतकातली ही गोष्ट. अशा गावात कोठी रिकामी ठेवणं कोणत्याच बाईला परवडणारं नव्हतं, आणि कोठीतलं किडू देणं तर त्याहून नाही. पाहुण्याच्या ताटात सोंड्या किडा निघाला तर मोठमाय वर्षभर ते बोलून दाखवायची.

उरलेल्याचंही तसंच. शिळ्या भाकरीचे सकाळी कुटके. आंबट ताकाची कढी. पाखडलेली चुरी कोंबड्यांना. टाकणं हे काम कोणाच्या वाट्याला येतच नसे.

एक गोष्ट मात्र सोडून दिली तेच बरं झालं. महिन्याच्या त्या चार दिवसांत बाईनं लोणच्याच्या बरणीजवळ जायचं नाही, पापड-वड्यांना शिवायचं नाही. लोणचं बिघडायचं ते कमी मिठानं, तेल फोडींच्या वर नसल्यानं आणि ओल्या पळीनं. बाईच्या सावलीनं कधी काही बिघडलं नाही. स्वतः घातलेल्या लोणच्यापासून दूर उभ्या केलेल्या त्या सुनांचे चेहरे आम्ही पाहिले आहेत.

आता घरोघर फ्रीज आला, आणि डाळ, रवा, बेसन त्यात गेलं. हरकत नाही, रव्याला जाळी धरत नाही हे खरंच. पण फ्रीजमधून काढलेला डबा ओट्यावर उघडा राहिला की त्याला दव सुटतं, हे किती जणींना कोणी सांगितलं? एकावर एक पुड्या आणायच्या, नवी आधी फोडायची, आणि तळाशी जुनी पुडी भुंग्यांनी भरलेली सापडायची. कणगीच्या खालच्या भोकाची शहाणपणाची चाल फडताळातही चालते. जुना डबा पुढे, नवा मागे, एवढंच तर करायचं. एक मात्र कळकळीनं सांगायचं आहे. धान्यात टाकायच्या विषारी वायूच्या गोळ्या राहत्या घरात आणू नका. त्या गुदामासाठी आहेत. त्या वायूनं झोपेतली माणसं गेली आहेत, आणि डाळ वाचवायला तेवढं विष कधीच लागत नव्हतं.

यंदा नवतप्याच्या आत पाच किलो तुरीची डाळ घ्या. एक कडक ऊन द्या, किलोमागे चमचाभर एरंडेल चोळा, पुन्हा एक ऊन द्या, रात्रभर निवू द्या आणि कोरड्या डब्यात भरा. पुढच्या माघापर्यंत ती टिकते. हात मात्र कोरडे असू द्या.