पुढचं चाक

सेस्ना १५२ या दोन आसनी विमानाच्या नाकाखाली ते असतं. मागची दोन चाकं दणकट. त्यांचे पोलादी पाय धक्का बसला की फाकतात आणि पुन्हा जागेवर येतात. याचा पाय बारीक, आत हवा आणि तेल. जमिनीवर पेडल दाबू तिकडं वळायचं, हवेत पाय ताणून सरळ व्हायचं आणि गप्प राहायचं. उतरताना पंगतीतल्या यजमानासारखं याचं पान सगळ्यांत शेवटी. आधी मागची दोन टेकणार, वेग मरणार, नाक आपसूक झुकणार, मग हे.

शिकाऊ पोराला ते ‘मग’ सोसत नाही. धावपट्टी अंगावर येते, विमान आपटतं आणि चेंडू उसळतो तसं वर जातं. घाबरून पोरगं नाक खाली दाबतं. आता मार थेट या पुढच्या चाकावर. दुसरी उसळी पहिलीपेक्षा उंच, तिसरीला बहुधा याचा पाय मोडतो. पंखा जमिनीला घासला की अख्खं इंजिन उघडून तपासणं आलं. इन्स्ट्रक्टर कानीकपाळी ओरडत असतो: उसळलं तर नाक दाबू नकोस, थ्रॉटल पूर्ण पुढं घे, गो-अराउंड कर, पुन्हा वर घे!

या चाकाची एक खोड मात्र वाईट. सोसलेलं ते दाखवत नाही. टायर टुमटुमीत, पाय सरळ, आणि इंजिनामागच्या फायरवॉलच्या पत्र्याला सुरकुती. पुढच्या फेरीला बसणाऱ्याला काय कल्पना? आपटलो म्हणून सांगणाऱ्या पोराला जिथं हसतात, त्या शाळेत मी तरी कुणाला पाठवणार नाही.

जे. आर. डी. टाटांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी वैमानिकाचा परवाना मिळाला, तेव्हाच्या मॉथ विमानांना हे चाक नव्हतंच. त्यांची शेपूट जमिनीला टेकायची. ती विमानं उतरल्यावर गर्रकन फिरत. ते दुखणं यानं कमी केलं आणि स्वतःवर ओढवून घेतलं. ९ ऑगस्ट २०२५ ला बारामतीत प्रशिक्षण विमान उतरताना हेच निखळलं. शिकाऊ वैमानिक सुखरूप राहिला.

तिथं निदान धावपट्टी होती. २५ जुलै २०२२ ला बारामतीहून एकटीच उडालेल्या शिकाऊ मुलीचं सेस्ना १५२ इंदापूर तालुक्यात कडबनवाडीच्या शेतात कोसळलं. तिचं किरकोळ जखमांवर निभावलं. बातमी वाचली आणि आमचं गाव उमरठ डोळ्यांपुढं आलं. इथं जुलैत चिखलणी, लावणी. खाचरं तुडुंब, दर चार पावलांवर बांध. इथं कुणी उतरायचं म्हटलं तर मागची चाकं टेकतीलही, पण हे चिखलात रुतणार, आणि मग शेपूट डोक्यावरून पुढं यायला बांधाचीसुद्धा गरज नाही.