तीनच?

रत्नागिरीत एखाद्या दुकानाबद्दल वाईट बोलायचं असेल तर लोक आधी आजूबाजूला बघतात. कारण ज्याच्याबद्दल बोलायचंय त्याची मेव्हणी बहुतेक तिथेच कोथिंबीर निवडत उभी असते. मी मात्र गेली चार वर्षं हे सगळं गुगल मॅपवर लिहिते आहे, तेही स्वतःच्या नावाने आणि स्वतःच्या फोटोसकट. लेव्हल सहाची लोकल गाइड आहे मी. म्हणजे माझे पंधराशेच्या वर पॉइंट झालेत. एका रिव्ह्यूला दहा पॉइंट, फोटोला पाच, रिव्ह्यू दोनशे अक्षरांपेक्षा मोठा असेल तर आणखी दहा. या पॉइंटांचं काय मिळतं? काही नाही. नावापुढे एक चांदणी दिसते. आईला हे तीनदा सांगून झालं, तरी ती दर गणपतीत विचारते, "पण पैसे किती देतात?"

मी मूळची लांज्याची. नोकरीसाठी रत्नागिरीत आले आणि कुवारबावात भाड्याने राहायला लागले. कुवारबाव म्हणजे धड गाव नाही, धड शहर नाही. ग्रामपंचायत आहे, पण रेल्वे स्टेशनही इथेच आहे. कोल्हापूरच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी जांभा कापून इमारती उठल्यात, तळमजल्यावर गाळे, वर फ्लॅट. अशा ठिकाणी कोणीच कोणाला पिढ्यान् पिढ्या ओळखत नाही. गावात 'अमक्याच्या आळीतला सुतार' म्हटलं की झालं. इथे सुतार लागला तर फोन काढावा लागतो. मीही तेच करायचे, आणि फोनमध्ये दिसायचं ते असं: गुड. नाइस. एक नंबर. गुड सर्व्हिस. अंगठा.

अंगठ्यावरून नळ दुरुस्त करणारा निवडता येत नाही. म्हणून मी लिहायला लागले, मराठीत आणि सविस्तर. येण्याआधी फोन करतो का, काम झाल्यावर बाथरूममधला सिमेंटचा चिखल उचलतो का, घरात बाई एकटी असेल तर दार उघडं ठेवून काम करतो का. ही शेवटची गोष्ट कुठल्याच स्टारमध्ये बसत नाही, पण एकटी राहणारी कुठलीही मुलगी तुम्हाला सांगेल की पहिली तीच बघायची असते. माझा सगळ्यात जास्त लोकांना उपयोगी वाटलेला रिव्ह्यू हायवेवरच्या एका हॉटेलच्या बायकांच्या संडासाबद्दल आहे. कडी लागते, पाणी आहे, पर्स अडकवायला खुंटी आहे, दिवा चालतो. मिसळीबद्दल एक अक्षर नाही.

खाण्याबद्दल लिहिणं जास्त अवघड, कारण तिथे पाहुणे येतात. आमच्या बिल्डिंगच्या मागे एक काकू खानावळ चालवतात. चार टेबलं, भिंतीवर पंचांगाचं कॅलेंडर, ताटात उकड्या तांदळाचा भात आणि जो मासा सकाळी मिळाला असेल तो. एका जुलैत तिथे मोठ्या गाडीतून एक कुटुंब उतरलं. त्यांना सुरमई हवी होती. काकू म्हणाल्या, ताजी नाही, सोड्यांची आमटी आहे, टाकळ्याची भाजी आहे, फणसाच्या आठळ्या घातलेली उसळ आहे. मंडळी जेवली, पैसे देऊन गेली, आणि रात्री गाडीतल्या तिघांनी एकेक स्टार टाकला. समुद्राकाठच्या गावात मासा नाही, असा एकूण सूर.

तुम्ही कोकणातले असाल तर हसाल. नसाल तर सांगते. दर पावसाळ्यात १ जून ते ३१ जुलै, म्हणजे ६१ दिवस, आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. हा काळ बऱ्याच माशांच्या विणीचा, आणि दर्याही खवळलेला. मिरकरवाडा बंदरात बोटी ताडपत्र्या पांघरून उभ्या असतात. त्या दिवसांत आम्ही सुकट, सोडे, सुके बोंबील खातो, खाडीत काही मिळालं तर ते. रानभाज्या तर असतातच. जुलैत ज्या हॉटेलात सुरमई 'ताजी' मिळते तिथे ती बहुतेक बर्फातून किंवा दूरवरून आलेली असते. म्हणजे काकूंना एक स्टार मिळाला तो खरं बोलल्याबद्दल.

आणि या तीन स्टारांचं गणित वाईट आहे. काकूंच्या खानावळीला तेव्हा चाळीस रेटिंग होती, सरासरी ४.६. त्यात एक-एकचे तीन मिळवले की सरासरी ४.३ वर येते. एखाद्या बड्या हॉटेलाला दोन हजार रेटिंग असतील आणि सरासरी ४.२, तर असे तीन एक-एक आले तरी त्याचे ४.२ तसेच राहतात. गर्दीच्या पोटात तीन माणसांचा राग कुठेच दिसत नाही, चार टेबलांच्या खानावळीत तो दारावर पाटी लावल्यासारखा दिसतो. मी काकूंच्या फोनवरून मालकाचं उत्तर टाइप केलं, सांगितलं त्यांनी: "जून-जुलैत बोटी बंद असतात. नारळी पौर्णिमेनंतर या. येण्याआधी फोन करा म्हणजे बाजारात काय आलंय ते सांगेन." मी म्हटलं, जरा 'आपला अभिप्राय मोलाचा आहे' वगैरे घालूया का? "कशाला? मोलाचा नाहीये तो." तिघांपैकी एकाने पुढे स्वतःचा रिव्ह्यू काढून टाकला.

रिव्ह्यू वाचून वाचून मला काही शब्दांचा वास यायला लागलाय. 'आपल्या माणसांचं हॉटेल.' 'वातावरण चांगलं, पब्लिक चांगलं.' दोन गाळ्यांवर तोच तवा, तेच तेल, तोच बांगडा, पण एकाला लोक 'घरगुती' म्हणतात आणि दुसऱ्याला 'हायजीन बघून घ्या'. फरक पाटीवरच्या आडनावाचा असतो. या शहराला हा प्रश्न नवा नाही. सावरकर इथे स्थानबद्ध होते त्या काळात, १९३१ साली, भागोजीशेठ कीर यांच्या पैशातून पतितपावन मंदिर उभं राहिलं, आणि १९३३ साली सावरकरांनी सगळ्या जातींच्या हिंदूंना एकत्र बसून खाता येईल असं उपाहारगृह सुरू केलं. तेव्हा कोणाच्या हातचा चहा घ्यायचा हे चवीवर ठरत नव्हतं. (आणि 'हिंदूंना' हा शब्दही वाचून पुढे जाण्यासारखा नाही. मिरकरवाड्याच्या बंदरावर मासा आणणाऱ्यांत मुसलमान कोळी पूर्वीपासून आहेत.) आज कोणी चहाच्या कपाला नाही म्हणत नाही. फक्त हायजीन लिहितात. मी फोटो टाकते, ओट्याचा, फडक्याचा, हात धुण्याच्या बेसिनचा. ज्याला बघायचंय तो बघेल.

सगळ्यांना नकाशावर यायचं असतं असंही नाही. आमच्या विहिरीचा पंप मे महिन्यात हमखास जळतो. इथे पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो आणि एप्रिलनंतर पाणी नाही, कारण जांभ्यातून सगळं झिरपून जातं. मग पंप कोरडा फिरतो आणि वाइंडिंग जातं. ते भरून देणारे एक साठीचे गृहस्थ नाचण्याच्या बाजूला एका पत्र्याच्या शेडमध्ये बसतात. काम असं की तांब्याच्या तारेचं वेटोळं बघत राहावं. मी त्यांना म्हटलं, तुमचं नाव मॅपवर टाकते, पाच स्टार देते. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "नको हो. मे महिन्यात चाकरमानी येतात, सगळ्यांचे पंप एकाच आठवड्यात जळतात. आत्ता शंभर फोन येतात, तू टाकलंस की पाचशे येतील. आणि ज्याला नाही म्हणेन तो तिथेच शिव्या लिहून जाईल." मी टाकलं नाही. तेव्हापासून मॅपवर दुकान नसलं म्हणजे तो कामाला कच्चा, असा अंदाज मी बांधत नाही. उलट थोडी आशा वाटते.

आता मामाचं.

गेल्या वर्षी माझी स्कूटर एका सर्व्हिस सेंटरला दिली. नाव लिहीत नाही, मॅपवर आहेच. बिलात एअर फिल्टर बदलल्याचे पैसे लावले होते. माझ्या लांज्याच्या मेकॅनिकला एक सवय आहे, तो नवा फिल्टर बसवताना त्यावर मार्करने तारीख घालतो. घरी आल्यावर मी सहज झाकण उघडलं तर आत लांज्याचीच तारीख, त्याच वळणदार अक्षरात, वर लाल धुळीचा थर. बिलाचा आणि फिल्टरचा फोटो शेजारी शेजारी लावला, चार ओळी लिहिल्या, एक स्टार दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला मामाचा फोन. मामा रत्नागिरीत विमा एजंट आहे. त्या मालकाच्या, त्याच्या भावाच्या आणि दुकानाच्या पॉलिसी मामाकडे. "तू लिहिलंस ते खोटं नाही," मामा म्हणाला. "पण काढ."

हे वाक्य मी बरेच दिवस डोक्यात घोळवत होते. नोव्हेंबर २०२२ मध्ये भारतीय मानक ब्युरोने ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी आयएस १९००० नावाचं मानक आणलं. लिहिणारा खरा आहे हे तपासा, विकतचे रिव्ह्यू छापू नका, मजकूर परस्पर बदलू नका, असं त्यात आहे. ते ऐच्छिक आहे, आणि चांगलंच आहे. पण ते लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर पैसे देऊन स्टार विकत घेणारा कोणीतरी होता. आमच्याकडे स्टार विकत घ्यावे लागत नाहीत, नात्यात मिळतात. आणि नात्यातच परत मागितले जातात. त्या सेंटरला पाच स्टार देणाऱ्यांत मालकाचा मेव्हणा, दोन भाडेकरू आणि ज्या बँकेत त्याचं खातं आहे तिथला एक जण मला ओळखू आला.

मी काढला नाही. मामाला म्हटलं, त्याने फिल्टर बदलून दिला तर तसं लिहीन. मामा गप्प बसला, मग फोन ठेवला. आठवड्याने सेंटरमधून फोन आला, मी गाडी घेऊन गेले, माझ्यासमोर नवा फिल्टर बसला, पैसे घेतले नाहीत. मालक स्वतः बाहेर आला, नमस्कार केला, चहा मागवला. चहा चांगला होता. घरी येऊन मी जुना मजकूर तसाच ठेवला, खाली तारीख घालून नवा जोडला आणि एकाचे तीन स्टार केले.

संध्याकाळी मामाचा मेसेज आला. एकच शब्द: "तीनच?"

त्यानंतर गणपतीत भेटलो तेव्हा मामा नेहमीसारखाच होता, आरतीत टाळ वाजवत. भांडी घासताना मामीने हळूच सांगितलं की दुकानाची पॉलिसी यंदा दुसऱ्या एजंटकडे गेली. भावाचीही जाईल बहुतेक. मामा मला हे सांगणार नव्हता, आणि मीही मामीने सांगितल्याचं त्याला सांगितलेलं नाही. किती रुपयांचं कमिशन गेलं ते मला अंदाजाने काढता येतं, मी अकाउंट्समध्येच काम करते. दिवाळीला मी मामीच्या हातात पाकीट दिलं तर तिने ते उघडलं नाही, माझ्याच पिशवीत करंज्यांच्या डब्याखाली परत ठेवलं. घरी आल्यावर सापडलं.

रिव्ह्यू अजून तिथे आहे, तीन स्टार, दोन्ही तारखांसकट.

गेल्या महिन्यात मामाने फोन करून विचारलं, त्याची मोटरसायकल धूर टाकते, कुठे दाखवू? त्या सेंटरचं नाव त्यानेही काढलं नाही, मीही नाही. मी लांज्याच्या मेकॅनिकचा नंबर पाठवला.

"धुरासाठी लांज्याला जाऊ?"

"तारीख घालून देतो," मी म्हटलं.

"रविवारी चालू असतो का तो?"

ते मॅपवर नव्हतं. मी मेकॅनिकला फोन लावून विचारलं.